गेमिंग नको, ऑफिस नको, गाण्यासाठी हवाय

कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गेमिंग की ऑफिस?" मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारतात, पुण्यात विचारतात, तालुक्याच्या गावीही हेच विचारतात. "गाणं रेकॉर्ड करायचंय" म्हटलं की दुकानदार क्षणभर घुटमळतो आणि त्याचा हात गेमिंगच्या कपाटाकडे वळतो. ज्याला ऑफिसपेक्षा जास्त काही हवं, त्याला गेमिंगचंच हवं, असा त्याचा सरळ हिशेब. मग काचेचं कॅबिनेट, त्यात लाल-निळ्या दिव्यांची वरात, तीन-चार पंखे, मोठं ग्राफिक्स कार्ड आणि साठ-सत्तर हजारांचा आकडा. ते घरी आणून माइक लावला की पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये गायकाआधी पंखेच ऐकू येतात.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून अधिकारवाणीने सांगतो. आवाज रेकॉर्ड करणं हे कॉम्प्युटरच्या दृष्टीने हलकं काम आहे. हिशेब करून पाहा. स्टुडिओत सर्रास वापरतात त्या ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट या मापाने एका माइकचा आवाज दर सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट जागा घेतो. म्हणजे मिनिटाला साधारण साडेआठ एमबी, तासाला अर्धा जीबीच्या आसपास. आठ माइक एकदम लावले तरी सेकंदाला सव्वा एमबीसुद्धा होत नाही. दहा वर्षांपूर्वीची साधी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट माहिती सहज लिहून ठेवते. तेव्हा ताकद हा मुद्दाच नाही. मुद्दे दोन: यंत्र गप्प बसलं पाहिजे आणि मध्येच कामावरून उठून जाता कामा नये.

गेल्या वर्षी ओळखीतल्या एका गायनशिक्षिकेसाठी असा कॉम्प्युटर उभा केला. त्यांना शिष्यांसाठी बंदिशी रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या: एक माइक गळ्याला, एक तबल्याला किंवा पेटीला, तानपुरा ॲपवरचा. "मला काही सिनेमाचं संगीत करायचं नाहीये," असं बाईंनी आधीच बजावलं होतं. राहायला पेठेतला जुना वाडा. खाली स्कूटरींची ये-जा, वर कबुतरं. माइक, केबल, हेडफोन सगळं धरून चाळीस हजारांच्या आत बसवायचं होतं. ते बसलं. कसं बसलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे चुकीच्या जागी जाणार नाहीत.

आधी एक प्रामाणिक सूचना. घरात चार-पाच वर्षांचा लॅपटॉप धूळ खात असेल तर नवीन काही घेण्याआधी त्यावरच करून पाहा. फक्त आवाज रेकॉर्ड करायचा असेल, निवेदन, कथावाचन, कीर्तन, तर तो बहुधा पुरतो. लॅपटॉपची अडचण एवढीच, की त्याचा छोटा पंखा ताण आला की शिट्टी मारतो आणि तो नेमका माइकशेजारी टेबलावर असतो. हे चालत नसेल तर पुढे वाचा.

स्वस्तातला सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले ऑफिसचे कॉम्प्युटर. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर. मोठी ऑफिसं तीन-चार वर्षांनी असे शेकड्याने बदलतात आणि ते रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. यात गंमत अशी की ही यंत्रं मुळात शांत राहण्यासाठीच बनवलेली असतात; एका हॉलमध्ये पन्नास माणसांच्या टेबलाखाली पन्नास घरघरणारे डबे कोण ठेवून घेईल? बाईंना आम्ही असाच एक घेतला. आम्हाला पंधरा हजारांच्या आसपास पडला. पण हा बाजार दर महिन्याला हलतो, त्यामुळे किमतीपेक्षा पुढची पारख लक्षात ठेवा.

"आय-फाइव्ह आहे साहेब," एवढ्यावर पाकीट काढू नका. आय-फाइव्ह हे घराण्याचं नाव झालं, पिढी विचारा. प्रोसेसरच्या पूर्ण नावात आय-फाइव्हनंतर जो आकडा येतो त्याची सुरुवात पिढी सांगते. आय-फाइव्ह ३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय-फाइव्ह ८५०० म्हणजे आठवी, २०१८ सालची, सहा कोअरची. दोघांवर एकच निळा स्टिकर आणि काउंटरवर दोघांचं एकच कौतुक. आठवी पिढी हा मी उंबरठा मानतो. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्याआधीच्या पिढीचं यंत्र फारच स्वस्तात मिळत असेल तर त्यावर लिनक्स टाकता येतं, पण तो हौशीचा रस्ता, त्याबद्दल पुढे.

दुकानात यंत्र चालू करून अर्धा तास तरी तसंच ठेवायला सांगा. चहा पिऊन या. परत आल्यावर दुकानातला पंखा बंद करायची विनंती करा. ते हसतील, हसू द्या. कॅबिनेटला कान लावा. एकसारखा मंद वाऱ्यासारखा आवाज चालेल. खरखर, टकटक किंवा चढ-उतार करणारी गुणगुण चालणार नाही, ती बेअरिंग गेल्याची खूण. एसएसडीची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते तिथेच लावून पाहा. मागचे सगळे यूएसबी पोर्ट एकेक करून तपासा. आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: या ब्रँडेड ऑफिस मॉडेलांपैकी बऱ्याच जणांचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, त्यांच्या त्यांच्या मापाचा असतो. तो जळला तर गल्लीतल्या दुकानातला बसत नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. म्हणून बाजारात भरपूर फिरणारंच मॉडेल घ्या, दुर्मीळ घेऊ नका.

काहींना सुटे भाग आणून स्वतः जोडण्याचीच हौस असते, आणि ती हौस चांगली. त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. रेकॉर्डिंगला त्याचा उपयोग शून्याच्या जवळ. पैसे जातात ते जातात, वर दोन पंखे घरात येतात. त्याऐवजी आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर हवा. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा सहा कोअरचा, ६५ वॉटचा प्रोसेसर या कामाला अगदी नेमका. इंटेलमध्ये आय-थ्री १२१०० चार कोअरचा असूनही पुरून उरतो. इथे दुकानदार हळूच "याच्यापेक्षा स्वस्त आहे" म्हणत नावाच्या शेवटी एफ असलेला पुढे करेल. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही; तो घेतलात की ग्राफिक्स कार्ड मागोमाग आलंच. रॅम सोळा जीबी, तीही आठ-आठच्या दोन काड्या. नुसतं निवेदन करणार असाल तर आठ जीबीही चालते. पण पुढे सॉफ्टवेअरमधला पियानो, व्हायोलिन, सतार वाजवायची असेल तर ही वाद्यं रॅम खातात. डिस्क पाचशे जीबीची एसएसडी. वेगासाठी कमी, मौनासाठी जास्त: तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस परत देऊन टाका. या अख्ख्या यंत्राची भूक दीडशे वॉटच्या आत असते. नावाजलेल्या कंपनीचा साडेचारशे वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस घेतलात तर तो निवांत चालतो आणि निवांत चालला की त्याचा पंखाही निवांत फिरतो. स्वस्त एसएमपीएसचा त्रास दुहेरी असतो: पंखा ओरडतो आणि विजेत मिसळलेली किरकिर थेट माइकच्या आवाजापर्यंत पोहोचू शकते. कॅबिनेट साधं, पत्र्याचं, १२० मिलिमीटरचा पंखा बसेल असं. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त जोरात फिरावं लागतं, म्हणून मोठा पंखा सावकाश फिरवावा. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. हे काम पैसे न देता बायोसमधल्या पंख्याच्या सेटिंगमध्ये जाऊन करता येतं. शांत असं काहीसं नाव तिथे दिसेल, ते निवडा. रेकॉर्डिंगच्या हलक्या कामात प्रोसेसर फार तापत नाही.

जोडणीचं तंत्र इथे पायरी-पायरीने सांगत बसत नाही, पण हमखास चुकतात त्या जागा सांगतो. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि मग तो नुसता ठेवा, दाबायचा नाही. थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, लोण्यासारखी थापायची नाही. मदरबोर्डला रॅमचे चार खाचे असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. मदरबोर्डखाली पितळी खुंट्या न लावता तो थेट पत्र्यावर कसणारा माणूस मी पाहिला आहे, तो मीच. आणि सगळं बरोबर जोडूनही यंत्र चालू होत नसेल तर घाबरण्याआधी प्रोसेसरशेजारची आठ पिनांची विजेची वायर बघा. दहातल्या पाच वेळा तीच राहिलेली असते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करत चला, विशेषतः थंडीत, हवा कोरडी असते आणि अंगावरची स्थिर वीज चटकन उडी मारते.

आता खरा खर्च जिथे करायचा ती जागा: ऑडिओ इंटरफेस. बाहेरून यूएसबीने जोडायची ही छोटी डबी माइकचा आवाज आकड्यांत बदलते. कॉम्प्युटरच्या मागे गुलाबी भोकाचा जो माइक पोर्ट असतो त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मदरबोर्डवरचं ते साउंड कार्ड विजेच्या गजबजाटात बसलेलं असतं. हेडफोन लावून माउस हलवून पाहा, अनेक यंत्रांत माउसबरोबर चिरचिर ऐकू येते. शिवाय तिथे चांगला माइक जोडायची सोयही नसते. फोकसराइटचा स्कार्लेट, बेहरिंगरची यूएमसी मालिका, अशा दोन माइकच्या इंटरफेसमध्ये पायऱ्या पुष्कळ आहेत. आपल्याला तीनच गोष्टी पाहायच्या: कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर, विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा अझिओ ड्रायव्हर, आणि डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण. तिसऱ्या गोष्टीला लोक किंमत देत नाहीत. खरं तर स्वस्त कॉम्प्युटर चालून जातो तो तिच्याच जोरावर.

हे समजायला बफर म्हणजे काय ते समजावं लागेल. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, भांडं भरून हाताळतो. ते भांडं म्हणजे बफर. भांडं लहान, म्हणजे १२८ नमुन्यांचं ठेवलं, तर ४८ किलोहर्ट्‌झला ते पावणेतीन मिलिसेकंदांत भरतं. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरने ते उचलून रिकामं करून परत ठेवलं पाहिजे. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, म्हणजे वायफायने हाक मारली किंवा अँटीव्हायरसला झाडलोट आठवली आणि प्रोसेसर उठून गेला, की भांडं वाहून जातं. रेकॉर्डिंगमध्ये टक्‌ असा आवाज येतो. भांडं मोठं ठेवलं तर उसंत मिळते, पण गायकाच्या कानात त्याचाच आवाज उशिरा पोहोचतो. हा उशीर म्हणजे लेटन्सी. ५१२ च्या बफरला नुसत्या जाण्या-येण्यातच वीस मिलिसेकंदांच्या वर जातात आणि दहा-बारापुढे गेलं की गाणारा अडखळायला लागतो. तुलना करायची तर, चार फुटांवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकाला साडेतीन मिलिसेकंद उशिराच ऐकू येत असतो. तेवढं कोणालाच खटकत नाही.

लोक या अडचणीवर महाग प्रोसेसर हा उपाय करतात. पण डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबलं की गायकाचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता इंटरफेसमधूनच परस्पर त्याच्या हेडफोनमध्ये जातो. उशीर जवळजवळ नाहीच. मग बफर खुशाल ५१२ ठेवा, जुनं यंत्रसुद्धा आरामात काम करील. गिटार सॉफ्टवेअरच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवणाऱ्याला किंवा कीबोर्डवरून सॉफ्टवेअरचं वाद्य वाजवणाऱ्याला मात्र ही पळवाट नाही. त्याला आवाज कॉम्प्युटरमधूनच परत यायला हवा. त्याने बफर १२८ वर आणावा आणि वर नव्या जोडणीसाठी सांगितलेला प्रोसेसर घ्यावा. बाईंना यातलं काही नको होतं, म्हणून पंधरा हजारांचं यंत्र पुरलं.

प्रोसेसरने जागेवरून उठू नये यासाठी विंडोजमध्ये काही गोष्टी एकदाच करून ठेवायच्या. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. यूएसबी पोर्ट झोपवून ठेवण्याची जी सेटिंग असते, सिलेक्टिव्ह सस्पेंड, ती बंद. रेकॉर्डिंग चालू असताना वायफाय बंद. विंडोजचे टिंगटिंग आवाज कायमचे बंद; एका उत्तम भैरवीच्या शेवटी नवीन मेल आल्याची घंटी माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. हे करून लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला सारखा उठवतोय हे ते नावानिशी सांगतं. बहुतेकदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो. इंटरफेस नेहमी मागच्या पोर्टला, थेट. यूएसबी हबमध्ये माउस, प्रिंटर, पेन ड्राइव्ह यांच्या गर्दीत तो खोचू नका.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. नुसतं बोलणं रेकॉर्ड करून कापाकापी करायची असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. अनेक ट्रॅक, मिक्सिंग वगैरे असेल तर रीपर घ्या: साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून पाहता येतं, नंतर घरगुती वापरासाठीचा परवाना साठ डॉलरचा. जुन्या यंत्रावरही तो पळतो. लिनक्सवाल्यांसाठी उबुंटू स्टुडिओ ही तयार मांडणी आहे, त्यात आर्डूर येतं. सेटिंगांत रमणाऱ्याला मजा येईल, पण बाईंच्या घरी मी ते टाकलं नाही. अडलं की फोन मलाच येणार होता. आणि "पेन ड्राइव्हवर सगळं आहे, देतो" म्हणणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याला नमस्कार करा. ते चोरीचं असतंच, शिवाय त्या फोडलेल्या प्लगइनांबरोबर काय काय घरात येतं ते कळत नाही, आणि ऐन रेकॉर्डिंगमध्ये यंत्र बंद पडतं ते बहुधा त्यांच्याचमुळे.

रेकॉर्डिंगचं माप ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. १९२ च्या फंदात पडू नका. डिस्क चौपट भरते, वाड्यातल्या खोलीतलं गाणं चौपट गोड होत नाही. २४ बिटचा फायदा असा की आवाज लाल रेषेपर्यंत चढवावा लागत नाही. गायकाला त्याची सगळ्यात जोरकस तान घ्यायला सांगा आणि तेव्हा मीटर उणे बाराच्या आसपास राहील असा गेन ठेवा. प्रत्यक्ष गाताना माणूस चाचणीपेक्षा नेहमी जोरातच गातो.

माइकच्या बाबतीत माझं मत अनेकांना पटत नाही. कंडेन्सर माइक नाजूक स्वर सुंदर टिपतो, पण खालची स्कूटर, शेजारचा कुकर आणि कॉम्प्युटरचा पंखाही तितक्याच प्रेमाने टिपतो. साध्या घरात, रस्त्यालगत, मी आधी डायनॅमिक माइक घ्यायला सांगेन. तोंडापासून चार बोटं ते एक वीत अंतरावर ठेवला की तो जवळचंच ऐकतो. शांत बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर खुशाल कंडेन्सर घ्या.

आता यंत्र ठेवायचं कुठे? सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय हाच आहे, आणि तो कोणी विकत नाही म्हणून कोणी सांगत नाही. कॉम्प्युटर गाण्याच्या खोलीत ठेवूच नका. यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरपर्यंत नीट चालते, स्क्रीनची एचडीएमआय केबलही तेवढी लांब मिळते. बाईंकडे आम्ही डबा बाहेरच्या बोळकांडीत ठेवला आणि केबली दाराच्या फटीतून आत घेतल्या. आत फक्त इंटरफेस, स्क्रीन, कीबोर्ड, माउस. दार लोटलं की यंत्र नसल्यासारखं. गॅलरीत मात्र ठेवू नका, पावसाची झड आणि कबुतरं दोन्ही त्याला मानवत नाहीत. कपाटात कोंडूही नका. गरम झालं की पंखा पळतो आणि मूळ हेतूच बुडतो. वेगळी जागा नसेल तर निदान टेबलावरून उतरवून माइकच्या पाठीमागे, शक्य तितकं दूर जमिनीवर ठेवा, खाली जाड सतरंजीची घडी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने कमी होतो. खोलीत तेवढा नाही, पण फरक कानाला कळतो.

भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. त्या पातळ पुठ्ठ्याने घुमणं थांबत नाही, खोलीची शोभा मात्र जाते. आपल्याकडे त्याहून सरस वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आहे: गोधडी. जाड, थरांची, हवा खेळती असलेली. दोन गोधड्या गायकाच्या पाठीमागे आणि बाजूला, भिंतीपासून वीतभर सोडून दोरीवर टांगल्या की आवाजातला कोरडा घुमारा बराच शोषला जातो. गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांची मांडणी हेही कामाला येतं. तबल्याच्या डग्ग्याची घुमक मात्र गोधडीने आवरत नाही. डग्गा कोपऱ्यातून खोलीच्या मध्याकडे आणा.

विजेकडे दुर्लक्ष केलंत तर हा सगळा खटाटोप वाया जाईल. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा. हेडफोनमध्ये एकसुरी जाड हुंकार ऐकू आला की समजा, तो तिथूनच आला. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाच्या मागे अर्थिंगची वायरच नसते. वायरमनला बोलावून ते तपासून घ्या. हा खर्च इंटरफेसइतकाच महत्त्वाचा माना, आणि फक्त आवाजासाठी नव्हे, जिवासाठीही. हुंकार घालवायला प्लगची जाड पिन कापून टाकणारे बहाद्दर आहेत, त्यांचं अनुकरण करू नका. कॉम्प्युटर, स्क्रीन आणि स्पीकर एकाच बोर्डावरून घ्या. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, स्वस्त इन्व्हर्टरची वीज किरकिरी असते. छोटा यूपीएस मात्र ठेवा, लाइट गेली तर तेवढ्यात फाइल जतन होते. डिमरचे दिवे आणि स्वस्त एलईडी बंद करून पाहा. मोबाइल विमान मोडवर. तानपुरा ॲप असलेला मोबाइलसुद्धा.

आणि छताचा पंखा. तो बंदच करावा लागतो, एप्रिलमध्येसुद्धा. म्हणून वेळ निवडा. आम्ही पहाटे पाच ते सातची निवडली. दूधवाले यायच्या आत एक बंदिश होते. गणपतीचे दहा दिवस आणि लग्नसराईतल्या संध्याकाळी सोडून द्या.

हिशेबाची वाटणी शेवटी अशी झाली: साधारण चाळीस टक्के पैसे यंत्राला, तेवढेच इंटरफेस आणि माइकला, उरलेले केबल, स्टँड, हेडफोन, यूपीएस आणि वायरमनला. हेडफोन बंद पाठीचा हवा, नाहीतर तानपुऱ्याचा आवाज त्यातून गळून माइकमध्ये शिरतो. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क घरात पडलेली होती, ती पाचशे-सहाशेच्या डबीत घालून बॅकअपसाठी लावली. प्रत्येक दिवसाचं काम त्याच दिवशी तिच्यावर उतरवायचं, एवढा नियम बाईंनी स्वतःच भिंतीवर लिहून ठेवला.

सगळं जोडून झालं की गाणं रेकॉर्ड करायची घाई करू नका. माइक लावा, गेन गाण्याच्या वेळी असेल तेवढाच ठेवा, आणि सगळ्यांनी गप्प बसून एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. मग ती हेडफोनवर मोठ्याने ऐका. पंखा, हुंकार, माउसची चिरचिर, फ्रिज, नळ, जे जे असेल ते त्या मिनिटात सापडतं, आणि एकेक बंद करत पुन्हा मिनिटभर ऐकायचं. बाईंकडे हे आम्ही सात वेळा केलं. सातव्या खेपेला यंत्राचा आवाज उरला नव्हता, विजेचा उरला नव्हता. उरली होती फक्त टिकटिक. बाईंनी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं, स्वयंपाकघरात नेऊन कणकेच्या डब्याआड ठेवलं, आणि येऊन षड्‌ज लावला.